कापगते गुरुजींची धानचक्री

खरं म्हणजे सगळा दोष आरोग्य उपकेंद्रातल्या हर्षा सिस्टरचा. यादोराव कापगते गुरुजी त्या दिवशी सुनेला, म्हणजे प्रियाला, तपासणीसाठी घेऊन गेले नसते, तर करंजटोल्यातली धानाची रोवणी त्या वर्षीही नेहमीसारखी भांडत-तंडत, पण बिनघोर पार पडली असती.

सिस्टरने ड्रॉवरमधून कागदाची एक गोल चकती काढली. म्हणजे चकत्या दोन होत्या, मोठीवर लहान बसवलेली, आणि मधे एक बटण. प्रियाला तिने बायकांनाच विचारायची एक तारीख विचारली. गुरुजींनी संकोचाने मान वळवली, डोळे मात्र चकतीवरच ठेवले. सिस्टरने लहान चकती फिरवली, बाण त्या तारखेवर आणला आणि दुसऱ्या टोकाला वाचून सांगितलं, "सतरा नोव्हेंबर. थोडं मागं-पुढं."

गुरुजी थक्क झाले. जन्माला यायचा आहे त्याची तारीख कागद सांगतो! ना आकडेमोड, ना मोबाईल, ना वीज. परतीच्या वाटेवर मोटरसायकल चालवताना त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, की पोराचं सांगता येतं तर धानाचं का नाही? सिस्टरचं ते 'मागं-पुढं' मात्र त्यांना खटकलं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवताना त्यांनी 'अंदाजे' हा शब्द दिसला की लाल पेनाने गोल करून शून्य दिलं होतं.

हा उत्साह उगाच नव्हता. गुरुजी जानेवारीत निवृत्त झाले होते. निरोप समारंभात ज्याने त्याने माईक हातात घेऊन "गुरुजी, आता तुम्ही आराम करा" असं सांगितलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की यंदापासून शेती मी पाहणार. घरची तीन एकर धानाची जमीन, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालची. ती इतकी वर्षं त्यांची बायको गीताबाई पाहत होती. गीताबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाहा," ती म्हणाली. "एक वर्स पाहा. धान बुडला तं पुढच्या वर्सी वावर चैतरामभाऊले ठेक्यानं देऊन टाकू. मलेबी आता गुडघे साथ देत नाई. मंग तुमी ओट्यावर बसून पेपर वाचा."

म्हणजे गुरुजींना शेतकरी व्हायला एकच संधी होती, आणि ती एकाच हंगामाची होती. ती त्यांनी कागदाच्या चकतीवर लावली.

आठ दिवसांत धानचक्री तयार झाली. बाहेरच्या चकतीवर वर्षाचे सगळे दिवस, आतल्या चकतीवर कामं: परे टाकणे, एकविसाव्या दिवशी रोवणी, मग खत, निंदण, पुन्हा खत, आणि एकशे पस्तिसाव्या दिवशी कापणी. परे म्हणजे धानाची रोपं. ती एका तुकड्यात दाट वाढवायची आणि मग उपटून चिखलात एकेक करून लावायची, तीच रोवणी. बाण परे टाकल्याच्या तारखेवर ठेवला की बाकी सगळ्या तारखा आपोआप समोर. एकविसाव्या दिवसानंतरचा भाग गुरुजींनी लाल रंगवला आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'यापुढे रोवणी करणारा शेतकरी आळशी समजावा.'

पहिलं प्रात्यक्षिक शेजारच्या चैतरामसमोर झालं. चैतराम हा गुरुजींचा बालमित्र आणि गावातल्या एकमेव बऱ्या ट्रॅक्टरचा मालक. गुरुजींनी त्याला आधी इतिहास सांगितला. शेकडो वर्षांपूर्वी विलायतेतले पंडित ग्रंथाच्या पानावर अशाच चकत्या दोऱ्याने बसवायचे आणि फिरवून चंद्र कुठल्या राशीत आहे ते सांगायचे. पुढे वैमानिक इंधन किती पुरेल ते अशा चकतीवर पाहू लागले, फोटोवाले उजेड पाहू लागले.

"अना धान कोन लावत होता त्याईच्यात?" चैतरामने विचारलं.

"त्यांच्याकडे धान नव्हता."

"मंग त्याईले चंद्र पाहाले येळ होता," चैतराम म्हणाला. तरी त्याने चक्री दोनदा फिरवली आणि तिसऱ्यांदा सल्ला दिला. "यात म्हशीचं बी टाक ना. माही म्हैस कधी जनन, ते एका बाजूनं दिसलं पाहिजे."

इथून सल्ल्यांचा पूर आला. सुलोचनाबाई महिला बचत गटाच्या अध्यक्ष; त्यांना गटाच्या बैठकांचं एक कडं हवं होतं. पोरांना मंडईचं, म्हणजे गावोगावच्या जत्रांचं, कडं हवं होतं, कारण दिवाळीनंतर कुठल्या गावची मंडई कुठल्या दिवशी आणि तिथे नाटक कोणतं, हे कळल्याशिवाय जगून उपयोग काय? एका म्हाताऱ्याला जावई कधी येणार ते आधी कळायला हवं होतं. चार दिवसांत चक्री पुरीएवढी होती ती परातीएवढी झाली, आणि फिरवायला दोन माणसं लागू लागली. शेवटी गुरुजींनी छडी आपटल्यासारखा हात आपटून सगळी कडी उडवली. फक्त मंडईचं ठेवलं. नाटकाची आवड त्यांनाही होती.

"पन सरकारी शिक्का पाहिजे," चैतराम म्हणाला. "शिक्क्याबगर इथं कोनी आपल्या बापालेबी मानत नाई."

गुरुजी शिक्का आणायला तालुक्याच्या एका कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. सगळी सारखीच असतात. पहिल्या टेबलावरच्या बाबूने चक्री फिरवून पाहिली आणि विचारलं, "यात फिरणारा भाग आहे?"

"आहे. तेच तर—"

"मग हे यंत्र झालं. यंत्राला चाचणी प्रमाणपत्र लागते. कितीची मोटर आहे?"

"कागद आहे हो तो!"

"कागद असेल तर प्रसिद्धीच्या टेबलावर जा."

प्रसिद्धीच्या टेबलावरची बाई म्हणाली, की यात तारखा आहेत, म्हणजे हे कॅलेंडर, आणि कॅलेंडर आम्ही डिसेंबरातच घेतो. पण बाई भली होती. तिने चक्री अर्जासोबत घेतली आणि ती फाईलला दोन्ही बाजूंनी कचाकच स्टेपल मारून पक्की केली. पंधरा दिवसांनी फाईल साहेबांकडून परत आली. त्यावर हिरव्या शाईत शेरा होता, 'नमुना फिरवून पाहिला. फिरत नाही. दुरुस्तीसह फेरसादर करावे.'

शाळेत बत्तीस वर्षं शेरे मारणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा शेरा मिळाला होता. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते शिक्क्याशिवायच गोंदियाला गेले आणि गुलशनसेठच्या छापखान्यात शिरले. गुलशनसेठ लग्नपत्रिका छापायचा.

"गोल पत्रिका? नया फॅशन है क्या, गुरुजी?"

गुरुजींनी समजावून सांगितलं. गुलशनसेठला विषय कळला नाही, पण काम कळलं. "पाच सौ से कम में मशीन चालू नहीं करता. और बीच में बटण कौनसा डालूं?" बटण म्हणून शेवटी ब्लाउजची टिचबटणं ठरली. कागद म्हणून लग्नपत्रिकांचा उरलेला जाड साठा वापरला गेला, त्यामुळे प्रत्येक चक्रीच्या पाठीमागे गणपती आणि 'माज्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं बोबडं निमंत्रण आलं. गुरुजींच्या प्रतिष्ठेला ते शोभणारं नव्हतं. पण पाचशे प्रती तयार होत्या आणि जून उजाडला होता.

करंजटोल्यात घरं पासष्ट. पासष्ट चक्र्या देऊन उरलेल्या चारशे पस्तीस गुरुजींनी पंचक्रोशीत वाटल्या. सासुरवाडीला शंभर, बहिणीच्या गावाला शंभर, बाकीच्या जुन्या सहकाऱ्यांमार्फत आजूबाजूच्या गावांत. प्रत्येक ठिकाणी जाऊन प्रात्यक्षिकही दिलं. गावात ते मारुतीच्या पारासमोर झालं. गुरुजी खडू-फळा घेऊनच उभे राहिले.

"समजा," गुरुजी म्हणाले, "समजा, तुम्ही अठरा जूनला परे टाकले. बाण अठरा जूनवर आणा. आणला? आता रोवणी पाहा. किती आली?"

"नऊ जुलै!" अख्खं गाव एका सुरात ओरडलं.

गुरुजींचा ऊर भरून आला. हा सूर त्यांना ओळखीचा होता. समोर बसलेल्यांपैकी चाळिशीच्या आतला एक ना एक माणूस त्यांच्या हाताखालून गेला होता. आणि इथेच घोटाळा झाला, तो त्यांच्या लक्षात आला नाही. या सगळ्यांना गुरुजींनी लहानपणापासून एकच गोष्ट हाणून-मारून शिकवली होती, की फळ्यावर आहे तसंच उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही. गुरुजींनी उदाहरण म्हणून अठरा जून घेतला होता. वर्गाने तो उत्तर म्हणून उतरवून घेतला. शिवाय टिचबटण इतकं घट्ट होतं, की एकदा अठरावर आणलेला बाण पुन्हा हलवायची कुणाला हौस नव्हती.

अठरा जूनला करंजटोल्यातल्या पासष्ट घरांनी परे टाकले. शेतावरून घरी येताना गुरुजींना जिकडेतिकडे माणसं बी फेकताना दिसली. त्यांना वाटलं, वा, काय शिस्त आली गावाला!

आता दरवर्षी काय होई ते सांगायला हवं. कुणी आज परे टाकी, कुणी आठ दिवसांनी, कारण कुणाकडे पाहुणे आलेले असत, कुणाचा बांध फुटलेला असे, कुणी नुसताच आळशी असे. त्यामुळे रोवणी महिनाभर चाले. गावात रोवणीच्या बायांची टोळी एकच, चाळीस जणींची. ती भागीरथाबाईच्या हुकमात असे, आणि आज याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, उद्या त्याच्या, अशी फिरत सगळं गाव हिरवं करी. गावाचा आळस हीच गावाची व्यवस्था होती. गुरुजींनी ती मोडून काढली.

आठ जुलैला संध्याकाळी भागीरथाबाईच्या अंगणात पासष्ट घरांचे कर्ते पुरुष उभे होते. सगळ्यांच्या हातात चक्री.

"भागीरथाबाई, उद्या माह्याकडं."

"तुह्याकडं काऊन? चक्रीत माही तारीख हाय."

"माह्यातबी तेच हाय ना बे!"

भागीरथाबाई दारात तंबाखू मळत बसली होती. तिने एकेकाची चक्री हातात घेऊन पाहिली, मागचा गणपती पाहिला, निमंत्रण वाचलं. "बाया चाळीस," ती म्हणाली. "पासष्टाच्या वावरात एकाच दिवशी जाचं तं एका वावरात एक बाईबी पुरी नाई येत. हे गनित मले येते. गुर्जीले नाई आलं का?"

मग जे सुरू झालं त्याला लोक अजून 'चक्रीचं साल' म्हणतात. जो तो टोळीला आपल्याकडे ओढू लागला. कुणी चहासोबत भजी ठेवली, तर शेजाऱ्याने मासोळीचा रस्सा ठेवला. एकाने बांधावर मंडप टाकून गाणी लावली. बायांनी तीन दिवसांत ओळखलं, की आपण आता बाया राहिलो नाही, पाहुण्या झालो. वांग्याची भाजी असेल तर येणार नाही, असा निरोप भागीरथाबाईने रीतसर पाठवला. चैतराम ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्या गावांतून बाया आणायला निघाला. पहिल्या गावात लोक बायांसाठी भांडत होते. दुसऱ्या गावातही तेच. तिसरं गाव गुरुजींची सासुरवाडी. तिथे तर चैतरामच्याच ट्रॅक्टरला लोकांनी अडवलं, की तुझ्या ट्रॉलीत बाया आहेत का? सगळीकडे अठरा जून, सगळीकडे नऊ जुलै.

"एकच मानूस," संध्याकाळी परत आल्यावर चैतराम म्हणाला, "एकट्या मानसानं पाच गावाची रोवनी एका दिवसावर आनली. सरकारलेबी हे जमलं नसतं, यादोराव."

गुरुजींचे परेही त्याच दिवसाचे होते. पण आपल्या माजी विद्यार्थिनीच्या दारात मासोळीचा रस्सा घेऊन उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. भागीरथाला त्यांनी चौथीत गणितात दोनदा नापास केलं होतं आणि तिसऱ्यांदा ती शाळेतच आली नव्हती. रोज सकाळी ते शेतावर जात, परे पाहत, आणि खिशातली चक्री पाहत. दिवस तेविसावा, सव्विसावा, तिसावा. आजची तारीख त्यांनीच रंगवलेल्या लाल भागात खोल गेली होती आणि त्यांच्याच बारीक अक्षरांनी त्यांना आळशी म्हणत होती. परे पिवळे पडू लागले. गीताबाईची अट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. यंदा गेलं की कायमचं गेलं.

तेहतिसाव्या दिवशी त्यांनी भागीरथाबाईला अर्ज लिहिला. 'विषय: रोवणीकरिता टोळी उपलब्ध होणेबाबत.' खाली सही, निवृत्त मुख्याध्यापक. अर्ज त्याच दिवशी गीताबाईच्या हाती परत आला. त्यावर तोंडी शेरा होता, "त्याईले म्हना, अर्ज नोका करू. घरी येऊन सांगा. नापास करून मले घरी बसवलं तवा कोनी अर्ज नोता केला."

गुरुजी गेले. अंगणात उभे राहिले. बोलायला सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचेना, म्हणून ते खरंच बोलले. "भागीरथा, चुकलं. परे वाया जाऊन राहिले. तू ये."

भागीरथाबाईने त्यांना बसायला पाट दिला. "येतो. पासष्टात तुमी शेवटचे. पन वावरात तुमीबी उतराचं. बांधावर उभं राहून शिकवाचं नाई."

छत्तिसाव्या दिवशी, चोवीस जुलैला, टोळी गुरुजींच्या बांधीत उतरली. गुरुजी धोतर खोचून उतरले. एका हातात परे, दुसऱ्या हातात शाळेतली फूटपट्टी. ओळीत वीस सेंटिमीटर अंतर मोजून त्यांनी चार रोपं लावली, तोवर बायांची रांग बांधीच्या मध्यावर पोचली होती. पाचवं रोप लावताना ते मागे सरकले आणि चिखलात बसले. चाळीस बायांनी काम थांबवलं. हसू नये म्हणून नव्हे, नीट हसता यावं म्हणून.

"गुर्जी, हे परे म्हातारे झाले," भागीरथाबाई म्हणाली. "एका ठिकानी दोन नाई, पाच-पाच लावा. जवळजवळ लावा."

"पुस्तकात दोन-तीन लिहिलं आहे."

"पुस्तकात परे किती दिवसाचे हाय?"

गुरुजींनी फूटपट्टी बांधावर फेकली आणि पाच-पाच लावू लागले. शेजारच्या ओळीत गीताबाई होती. गुडघे दुखतात म्हणणारी ती बाई कंबरेत वाकली ती दुपारपर्यंत उभी झाली नाही. तिचा हात पाण्यात जाई आणि वर येई, आणि रोप मागे उभं राही. मधूनच ती काही न बोलता हात लांबवून नवऱ्याच्या ओळीतलं तिरपं रोप सरळ करी. बत्तीस वर्षं या बाईच्या हातचा भात खाल्ला आणि ती तो कसा लावते ते आज पाहतोय, याची गुरुजींना लाज वाटली. लाज वाटली म्हणून ते थांबले नाहीत. संध्याकाळी त्यांना सरळ उभं करायला चैतराम आणि आणखी एक जण लागला.

धान झाला, पण परे म्हातारे ते म्हातारेच. फुटवे कमी आले, लोंब्या आखूड आल्या, आणि उंच बांधीतला धान तर कणीस न भरताच वाळला. मळणी झाली तेव्हा ढीग पाहूनच कळत होतं, की दरवर्षीच्या मानाने हा पाऊणही नाही. दरम्यान प्रियाला मुलगी झाली, सव्वीस नोव्हेंबरला. नऊ दिवस उशिरा, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी चैतराम घरी आला. नेहमीसारखा आत न येता दारातच चपला काढत रेंगाळला.

"यादोराव, ते वावराचं... वयनी बोलली होती मले, ठेक्याचं. मले घाई नाई. पन ठरलं तं ट्रॅक्टर लावाले बरं पडते."

गुरुजी उठले. अट त्यांना पाठ होती. ते आत गेले, पेटी उघडली, सातबारा आणि नकाशा काढला आणि ओट्यावर आणून चैतरामसमोर ठेवला. मग जागा नसल्यासारखे ओट्याच्या अगदी कडेला बसले.

गीताबाई चहा घेऊन बाहेर आली. तिने कागद पाहिले. "हे कायले काढले?"

"तूच म्हणाली होतीस. धान बुडला तर—"

"बुडला कुठं? कमी झाला."

"वयनी, आता ते तेच झालं ना," चैतराम म्हणाला.

"तेच नाई होत." गीताबाईने कप त्याच्या हातात दिला. "चैतरामभाऊ, बत्तीस वर्स मी त्या वावरात एकटी वाकली. मांगं वळून पाहो तं मांगं कोनी नाई. दम लागला तं कोनाले सांगाचं? या वर्सी मांगं वळून पायलं तं एक मानूस होता. वाकडं लावत होता, दोनदा पडला, चिखलानं भरला होता. पन होता. कसा देऊ मी आता वावर? आता कुठं मले जोडीदार भेटला."

चैतरामने चहा बशीत ओतला.

"परे कवा टाकाचे ते मी सांगन," ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्यांचा कप आणायला आत वळली.

गुरुजींनी कागद उचलले आणि पुन्हा पेटीत ठेवायला घडी घालू लागले. घडी काही केल्या नीट बसत नव्हती. चैतरामने ते पाहिलं, आणि भल्या माणसासारखा तो आपल्या चहाकडे पाहत राहिला.